दोन काटे आणि एक काळी तार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आम्हां तिघांना एकाच आठवड्यात मिळाले. ‘शाळेने आपणांस काय दिले, ते लिहावे’ अशी त्यात विनंती होती. त्याविषयी अनेक माजी विद्यार्थी लिहितील आणि आमच्याहून चांगले लिहितील. आम्हांला एका जुन्या देण्याविषयी लिहावयाचे आहे. हे देणे शाळेच्या गाडीवर असलेल्या ड्रायव्हर मामांचे आहे. त्यांच्याविषयी एक खोटी गोष्ट आम्ही मुलांनी या परिसरातील घराघरांत पोहोचविली. ही स्मरणिकाही त्याच घरांत जाणार आहे. म्हणून खरी गोष्ट सांगण्यास याहून योग्य जागा आम्हांस दिसत नाही.

आमच्यापैकी दोघे आज गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात, तिसरा शिक्षक आहे. आम्ही वसतिगृहात होतो तेव्हा कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्या काळी शाळेकडे एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड मोटार होती. नांदेडच्या एका डॉक्टरांनी ती दान दिली होती. विहारात आलेल्या पाहुण्यांना आणणे, किराणा आणणे आणि आजारी मुलाला दवाखान्यात नेणे ही तिची कामे. तिचे बॉनेट बाजूच्या पत्र्यांसह एकसंध पुढे कलंडत असे आणि सारे इंजिन उघडे पडत असे. त्या दृश्यासाठी आम्ही मुले मामांच्या मागे मागे फिरत असू. मामा चिडत नसत. पाना हातात देत आणि त्याचा नंबर विचारीत. पान्यांचे नंबर आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

१९८७ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी गाडीला नवा रंग देण्यात आला. त्यासाठी डॅशबोर्ड उतरविला गेला आणि पुन्हा बसविला गेला. गाडी नव्यासारखी दिसू लागली. मात्र त्यानंतर मामांची एक तक्रार सुरू झाली. टेम्परेचरचा काटा वर चढतो आणि पेट्रोलचा काटाही त्याच्याबरोबर चढलेला दिसतो, असे ते म्हणत. रात्री डॅशबोर्डचा दिवा लागत नसे, म्हणून ते बॅटरी पेटवून काटे पाहात. गाडी तापते म्हणून दोनदा रेडिएटर साफ करून आणला. मिस्त्रीने पाणी पाहिले, पंखा पाहिला, ‘गाडी काही तापत नाही’ असे सांगितले आणि मजुरी घेतली. पुढे मामांची ही तक्रार विनोदाचा विषय झाली. मामांनाच ताप आला आहे, असे आम्ही म्हणू लागलो.

ऑगस्ट १९८८ मधील एका पावसाळी रात्री आमच्यापैकी धाकट्याला तापात झटके येऊ लागले. तो तेव्हा पाचवीत होता. वर्षावासामुळे भन्तेजी विहारातच होते. त्यांनी त्याला मांडीवर घेतले, अधीक्षक गुरुजी पुढे बसले आणि मामांनी गाडी नांदेडच्या रस्त्याला लावली. आखाडा बाळापूर गेले, वारंगा फाटा गेला. मामांनी बॅटरीच्या उजेडात काटा पाहिला. काळजीचे कारण दिसेना. अर्धापूरच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. टाकी कोरडी होती. भर पावसात, सुनसान रस्त्यावर, झटके येणारे मूल मांडीवर घेऊन भन्तेजी बसून राहिले. पुष्कळ वेळाने नांदेडकडे निघालेला एक ट्रक थांबला आणि मुलाला दवाखान्यात नेता आले. मूल वाचले. या लेखाच्या तिघा लेखकांत ते आहे.

दुसऱ्या दिवशी हिशेब निघाला. त्या गाडीची एक वही होती. रोज संध्याकाळी काट्याची स्थिती तीत लिहिली जात असे. आदल्या संध्याकाळी ‘टाकी एक तृतीयांश’ अशी नोंद होती. टाकी सुमारे ३० लिटरची, म्हणजे पेट्रोल १० लिटर. लिटरला १२ किलोमीटर धरले तरी गाडी १२० किलोमीटर जावयास हवी होती. ती सुमारे ५० किलोमीटरांवर थांबली. मग उरलेले सहा लिटर पेट्रोल गेले कोठे? गाडीची किल्ली एकाच माणसाजवळ असे. मामा पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘काटा खोटा आहे, दोन्ही काटे खोटे आहेत.’ पण पकडला गेलेला माणूस असेच बोलतो, असे सर्वांना वाटले. कोणी त्यांना पोलिसांत दिले नाही, कोणी हातही उगारला नाही. त्यांना फक्त विचारले गेले, आणि पुन्हा पुन्हा विचारले गेले. महिनाअखेरीस ते आपली ट्रंक घेऊन गावी निघून गेले.

शाळेने त्यांना चोर म्हटले नव्हते. ते आम्ही मुलांनी म्हटले. ‘पेट्रोलचोर मामा’ हे नाव आमच्याच खोलीत तयार झाले. दिवाळीच्या सुटीत आम्ही ते आपापल्या गावी घेऊन गेलो. आजारी मुलाच्या जिवावर उठलेला माणूस, अशी त्याला जोडही दिली. रोज संध्याकाळी विहारात आम्ही पंचशील म्हणत होतो. खोटे न बोलण्याचे चौथे शील त्या काळातही आमच्या तोंडून एक दिवस सुटले नाही. आपण खोटे बोलत आहोत असे आम्हांला वाटतच नव्हते. आमच्याजवळ वही होती, आकडे होते आणि गणित बरोबर होते.

दहा वर्षे गेली. हिंगोलीच्या आयटीआयमधून बाहेर पडून आमच्यापैकी दोघे पुण्यात एका उस्तादांच्या हाताखाली कामाला लागले होते. उस्ताद जुन्या विलायती गाड्यांच्या वायरिंगचे जाणकार. १९९८ मध्ये त्यांच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आली. मालकाची तक्रार अशी की, गाडी चालू केली की थोड्या वेळात टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे जातो. त्याने थर्मोस्टॅट बदलला होता, रेडिएटर बदलला होता, आणि आता इंजिन उघडण्याच्या विचारात होता. उस्तादांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पेट्रोलचा काटा काय म्हणतो?” मालक हसून म्हणाला, “तो छान आहे. पेट्रोल नेहमी भरपूर दाखवतो.”

उस्तादांनी आम्हांला जवळ बोलावले. ते जे बोलले ते आमच्या शब्दांत असे. एकच काटा चुकत असेल तर दोष त्याच्या वाटेवर शोधावा. तो काट्यात असेल, तारेत असेल, नाही तर टाकीतील किंवा इंजिनावरील युनिटात असेल. दोन काटे एकाच वेळी आणि एकाच दिशेने चुकत असतील, तर दोघांना सामायिक असलेली वस्तू आधी पाहावी. दोन माणसे एकाच दिवशी तोच खोटा निरोप घेऊन आली, तर त्यांना तो सांगणारा एकच असतो.

हे समजण्यासाठी त्या काट्यांची रचना थोडी सांगितली पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक विलायती गाड्यांत हे काटे उष्णतेवर चालतात. मीटरच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. म्हणून किल्ली फिरविल्यावर असा काटा झटकन उडत नाही, सावकाश चढतो. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगा असतो. तो वर असला की विजेच्या वाटेतील अवरोध कमी होतो, खाली गेला की वाढतो. इंजिनाच्या पाण्यात बसविलेल्या युनिटाचा अवरोध पाणी तापले की घटतो. अवरोध घटला की वीज अधिक जाते आणि काटा वर चढतो. दोन्ही काट्यांचा न्याय एकच.

अडचण अशी की, गाडीची वीज स्थिर नसते. इंजिन बंद असता ती १२ व्होल्टच्या आसपास असते आणि चार्जिंग होत असता १४ च्या आसपास जाते. काट्यांनी तिच्याबरोबर नाचू नये म्हणून डॅशबोर्डमागे काडेपेटीहून लहान अशी एक डबी असते, तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. तिच्या आतही तशीच जोडपट्टी असते. ती तापली की वीज तोडते, निवली की जोडते. ही उघडझाप सतत चालते आणि काट्यांना सरासरी १० व्होल्ट मिळतात. मात्र ती पट्टी तापण्यासाठी लागणारी वीज डबीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, परत गेली पाहिजे. ती वाट तुटली तर पट्टी कधीच तापत नाही, वीज कधीच तोडत नाही आणि बॅटरीची सगळी वीज काट्यांवर जाते. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १० चा वर्ग १००. १४ चा वर्ग १९६. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पाणी कोमट असता काटा गरम दाखवितो आणि थोडे पेट्रोल असता दुप्पट दाखवितो.

उस्तादांची तपासणी फारच साधी होती. किल्ली चालू करून त्यांनी स्टॅबिलायझरच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला. निरोगी डबी असेल तर दिवा लुकलुकतो. हा दिवा अखंड जळत होता. मग त्यांनी एका तारेचे टोक डबीच्या पत्र्याला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकविले. काही क्षणांत दिवा लुकलुकू लागला. डबी चांगली होती, तिची अर्थ गेली होती. स्क्रूखालचा गंज पॉलिशपेपरने घासून काढला, स्क्रू घट्ट केला आणि दोन्ही काटे खाली आले. मालकाने विचारलेल्या मजुरीवर उस्ताद हसले.

उरलेली तपासणीही त्यांनी त्याच दिवशी शिकविली. एकच काटा चुकत असेल तर त्याच्या युनिटाची तार काढावी. काटा तळाला आला पाहिजे. तीच तार क्षणभर अर्थला लावावी. काटा वर चढला पाहिजे. असे झाले तर काटा व तार ठीक, दोष युनिटात. तार फार वेळ टेकवून ठेवू नये, मीटर जळते. टाकीजवळ तर ती टेकवूच नये. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. टाकीचा काटा नेहमी रिकामे दाखवीत असेल तर तरंगा काढून कानाशी हलवावा; आत पेट्रोल खुळखुळले तर त्याला भोक पडले आहे. स्पीडचा काटा या भानगडीत येत नाही, तो केबलवर फिरतो. म्हणून सगळे बिघडले असता तो एकटा खरे बोलत राहतो आणि मालकाला वाटते की डॅशबोर्ड ठीक आहे.

काम संपल्यावर उस्ताद सहज म्हणाले, “ही स्पिटफायर आणि तुमच्याकडची हेरल्ड एकाच घरातल्या.” ते खरेच होते. हेरल्ड १९५९ मध्ये इंग्लंडात आली. स्पिटफायर १९६२ मध्ये, हेरल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर उभी केलेली. दोघींचे रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन चित्रकाराने रेखिलेले. भारतात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हेरल्ड बनविली. स्पिटफायरचे बॉनेटही तसेच एकसंध पुढे कलंडते. ते कलंडलेले पाहताना आम्हां दोघांना एकदम शाळेचे आवार दिसले, आणि मामांचे वाक्य ऐकू आले. दोन्ही काटे. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

येथे आमच्या दुसऱ्या अपराधाची कबुली दिली पाहिजे. १९९८ मध्ये शंका आली. तरी आम्ही गेलो नाही. आधी नोकरी, मग संसार, मग स्वतःचे दुकान. कारणे सगळी खरी होती. त्यांच्याखाली एक भीतीही होती. मामा निर्दोष ठरले, तर आम्ही कोण ठरतो? २०१९ मध्ये भंगारवाल्याला विकावयाच्या सामानात ती गाडी असल्याचे कळले, तेव्हा कोठे आम्ही तिघे शाळेत आलो.

गाडी विहारामागच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. नवी बॅटरी जोडली आणि उस्तादांप्रमाणेच टेस्ट लॅम्प लावला. दिवा अखंड जळत राहिला. डॅशबोर्ड सोडविला. मीटरच्या पत्र्यातून निघणारी काळी अर्थची तार बॉडीवर एका स्क्रूने बसविलेली होती. स्क्रू काढून पाहिला. तारेच्या टोकाखाली गंज नव्हता. तेथे जाड, अखंड, १९८७ चा रंग होता. रंगाऱ्याने सगळा पत्रा रंगविला आणि बसविणाऱ्याने तार त्या रंगावरच आवळली. त्याच तारेवर डॅशबोर्डच्या दिव्याचीही अर्थ होती. म्हणूनच मामांना बॅटरी लागत असे. आम्ही रंग खरवडला, लोखंड उघडे केले, तार आवळली. टेस्ट लॅम्प लुकलुकू लागला. टाकीतील तरंगा गंजून गेला होता. म्हणून त्याच्या जागी एक ठराविक अवरोध जोडून काटा दोन्ही रीतींनी पाहिला. रंगावरच्या तारेने जी टाकी एक तृतीयांश दिसत होती, ती लोखंडावरच्या तारेने सहाव्या भागाच्या आसपास आली. म्हणजे १० लिटर नव्हेत, सुमारे पाच. पाच लिटरांत गाडी ५० किलोमीटर गेली. पेट्रोल कोठेही गेले नव्हते.

तीस वर्षांनंतर उघडलेला डॅशबोर्ड एकटा साक्षीला पुरेसा आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून कार्यालयातील जुनी वही मागवून घेतली. तीत रंगकामाचा खर्च आहे. त्यापूर्वीच्या पानांवर रेडिएटरची एकही तक्रार नाही. त्यानंतरच्या पानांवर दोन आहेत. डॅशबोर्डचा बल्ब बदलल्याची नोंद आहे आणि पुढच्या आठवड्यात ‘बल्ब लागत नाही’ अशी दुसरी आहे. ज्या वहीने मामांना दोषी ठरविले, तिच्यातच त्यांची सुटका लिहिलेली होती. आम्ही सर्वांनी तिचे शेवटचे पान तेवढे वाचले होते.

सेनगाव तालुक्यातील त्यांच्या गावी आम्ही गेलो. मामा २०१५ मध्ये वारले होते. मामी ओसरीवर बसल्या होत्या. आम्ही सगळे सांगितले. तार दाखविली, वहीच्या पानांच्या प्रती दाखविल्या. धाकट्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि तो मुलगा मीच, असे सांगितले. मामींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरविला. मग म्हणाल्या, “ते तर मरूस्तोर हेच सांगायचे बाबा, का दोन्ही काटे संगंच चढतेत. कोनी आयकलं न्हाई.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी जो उपदेश केला, तो शाळेत आम्हांला अनेकदा ऐकविला गेला होता. ऐकीव म्हणून स्वीकारू नका, परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, हे आम्ही पाठ केले होते. केवळ तर्काला पटते म्हणूनही स्वीकारू नका, असेही त्यात आहे. त्याकडे आमचे लक्ष गेले नाही. आमचा तर्क निर्दोष होता. ज्या एका आकड्यावर तो उभा होता, तो आकडा एका काट्याने सांगितला होता आणि त्या काट्याची तपासणी कोणी केली नव्हती. काट्याला हितसंबंध नसतो म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. मात्र त्यालाही कारणे असतात, आणि ती कारणे शोधावी लागतात. मामा आम्हांला तेच शोधायला सांगत होते. त्यांना व्होल्टेज ठाऊक नव्हते. पण दोन काटे एकत्र चढतात ही सगळ्यांत मोलाची गोष्ट त्यांनीच प्रथम पाहिली होती. उस्तादांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मामा दहा वर्षे आधीच देऊन गेले होते.

व्यवस्थापनाने आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्या वहीत लाल शाईने दुरुस्तीची नोंद केली. या स्मरणिकेत सेवकवर्गाची यादी आहे. तीत मामांचे नाव त्यांच्या सेवेच्या वर्षांसह आले आहे. वाचकांनी ते पान अवश्य पाहावे. ज्यांनी आमच्या तोंडून ती जुनी गोष्ट ऐकली असेल, त्यांनी ही नवी गोष्ट आपल्या घरी सांगावी, एवढी आमची विनंती आहे.

गाडी भंगारात गेली. तिचा डॅशबोर्ड आम्ही एका लाकडी फळीवर बसवून विज्ञानकक्षात लावला आहे. काळ्या तारेचा स्क्रू हाताने सैल करता येईल असा ठेवला आहे. तो सैल केला की दोन्ही काटे सावकाश वर चढतात, आवळला की सावकाश खाली येतात. आठवीची मुले येतात, स्क्रू फिरवितात आणि वाट पाहतात. काटा खाली यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ थांबायला त्यांनी शिकावे.

नमो बुद्धाय. जय भीम.